चिरलेला बॉयलर आणि तिसऱ्या विमानवाहू नौकेचा प्रश्न

पहलगामच्या हल्ल्यानंतर २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारतीय नौदलाने ‘विक्रांत’सह आपला विमानवाहू ताफा उत्तर अरबी समुद्रात नेऊन उभा केला. हल्ल्यानंतर ९६ तासांच्या आत समुद्रातील शस्त्रचाचण्याही उरकल्या होत्या, असे नौदलाने नंतर सांगितले. प्रत्यक्षात ‘ऑपरेशन सिंदूर’ची कारवाई हवाई दलाने आणि सैन्यदलाने पार पाडली, नौदलाला मारा करण्याची वेळ आली नाही. या एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी अर्थ तेव्हापासून लावले जात आहेत. विमानवाहू नौकेच्या नुसत्या अस्तित्वाने पाकिस्तानी नौदल बंदरात आणि किनाऱ्यालगत अडकून पडले, असे एक बाजू म्हणते. वीस हजार कोटी रुपयांची नौका असूनही काम दुसऱ्यांनीच केले, मग तिसरी हवी कशाला, असे दुसरी बाजू विचारते. गंमत अशी की, दोन्ही बाजू पुराव्यादाखल १९७१ च्या युद्धाकडेच बोट दाखवतात. त्या युद्धातील जुन्या ‘विक्रांत’ची कामगिरी अभिमानाने सांगितली जाते; पण ती कोणत्या परिस्थितीत, कोणत्या उणिवांसह आणि मुख्य म्हणजे कोणत्या समुद्रात झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. तिसऱ्या नौकेच्या निर्णयाशी खरा संबंध आहे तो याच तपशिलांचा.

जुनी ‘विक्रांत’ मुळात दीर्घायुषी नौका म्हणून आखलेलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात व्यापारी जहाजांची कत्तल चालवली, तेव्हा मोठ्या विमानवाहू नौका बांधत बसण्याइतका वेळ ब्रिटनपाशी नव्हता. त्यातून व्यापारी जहाजावर सपाट डेक चढवून त्याचीच विमानवाहू नौका करण्याची युक्ती निघाली. ब्रिटनची अशी पहिली नौका ‘ऑडॅसिटी’ ही तर जर्मनांकडून पकडलेल्या ‘हॅनोव्हर’ या मालवाहू जहाजाचे रूपांतर होते. तिच्यावर विमाने ठेवण्यास हँगरही नव्हता; ती डेकवर उघड्यावरच उभी राहत. जिब्राल्टरच्या मार्गावर काही महिने तिने चांगले काम केले आणि १९४१ च्या डिसेंबरात एका जर्मन पाणबुडीनेच तिला बुडवले. पुढे अमेरिकेने अशा रक्षक नौका शंभराहून अधिक बांधल्या. त्यांचा वेग कमी, चिलखत जवळपास नाही, विमाने मोजकी. तरीही पाणबुड्यांचा बंदोबस्त करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. हिंदी महासागरही त्यांना अपरिचित नव्हता. १९४४ च्या मार्चमध्ये मॉरिशसच्या आग्नेयेस ‘बॅटलर’ या रक्षक नौकेवरील विमानांनी जर्मन पाणबुड्यांना इंधन पुरवणारे ‘ब्राके’ हे जहाज हेरले आणि ‘रोबक’ या विनाशिकेने ते संपवले. ‘बॅटलर’सुद्धा अमेरिकेत व्यापारी जहाजाच्या सांगाड्यावर उभी राहिलेली नौका होती.

‘विक्रांत’ अगदी या जातीची नव्हे, पण त्याच विचारातून जन्मलेल्या पुढच्या पिढीची. ब्रिटनने १९४२ मध्ये हलक्या विमानवाहू नौकांचा एक आराखडा तयार केला. व्यापारी जहाजे बांधणाऱ्या गोद्यांनाही त्या बांधता याव्यात म्हणून त्यांचा सांगाडा व्यापारी जहाजांच्या नियमांनुसार ठेवला गेला आणि महायुद्धापुरत्या टिकल्या तरी पुरे, असा हिशेब धरला गेला. अशा सोळा नौका मागवल्या गेल्या. त्यांपैकी ‘हर्क्युलिस’चे बांधकाम ऑक्टोबर १९४३ मध्ये टाइन नदीकाठी सुरू झाले. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली तोवर युद्ध संपले होते. मग अर्धवट अवस्थेतच ती स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली. बेलफास्टच्या गोदीत तिला तिरकी धावपट्टी आणि वाफेवर चालणारे कॅटापुल्ट बसवण्यात आले. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती ‘विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत पोहोचली. स्वागताला पंतप्रधान नेहरू स्वतः हजर होते. पुढच्याच महिन्यात गोवामुक्तीच्या कारवाईत बाहेरच्या कोणी हस्तक्षेप करू नये म्हणून ती गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात तैनात होती. तिच्या विमानांवर बॉम्ब टाकण्याची वेळ मात्र तेव्हा आली नाही.

खरी नामुष्की १९६५ मध्ये झाली. युद्ध सुरू झाले तेव्हा ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी उघडी पडलेली होती. ती बुडवल्याची आवई पाकिस्तानने उठवली. ती खोटी होती, पण नौका युद्धात नव्हती हे खरेच होते. देशाचा एवढा पैसा खर्चून घेतलेली नौका ऐनवेळी गोदीत, ही बोचणी नौदलाच्या मनात घर करून राहिली. पुढे नौदलप्रमुख झालेल्या ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांनी नंतर सांगितले आहे की, १९७१ मध्येही ती बंदरातच राहिली असती तर तिला पांढरा हत्ती ठरवून नौदलाच्या हवाई शाखेवर फुली मारली गेली असती. १९७१ चा निर्णय केवळ रणनीतीचा नव्हता, तर एका संस्थेच्या अस्तित्वाचाही होता, हे यावरून ध्यानात यावे.

आणि नेमक्या त्याच वेळी नौका आजारी होती. १९७० मध्ये तिच्या बॉयलरच्या जलपात्रांना चिरा गेल्याचे आढळले होते. जलपात्रे बदलायची तर नवी परदेशातून यायला हवी होती आणि ती येऊन बसेपर्यंत युद्ध थांबणार नव्हते. चारपैकी एक बॉयलर बंद ठेवून, उरलेल्यांवर मर्यादित दाब ठेवून नौका चालवावयाची म्हणजे मूळचा २४ नॉटच्या घरातला वेग १६ नॉटच्या आसपास उतरवणे. सामान्य वाचकाला हा वेगाचा मुद्दा किरकोळ वाटेल. विमानवाहू नौकेच्या बाबतीत तो जीवनमरणाचा असतो. अशी नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून शक्य तितक्या वेगाने धावते, तेव्हा डेकवरून वाहणारा वारा विमानाला उचलण्यास मदत करतो. वारा पडलेला असेल आणि नौकाही संथ असेल तर सगळा भार कॅटापुल्टवर येतो. आणि कॅटापुल्टला लागणारी वाफ पुन्हा त्याच चिरलेल्या बॉयलरमधून यायची. शिवाय १६ नॉटने जाणारी नौका ही पाणबुडीच्या दृष्टीने सोपी शिकार.

नंदा यांच्यापुढे पर्याय मोजके होते. नौका मुंबईच्या गोदीतच ठेवणे सुरक्षित होते, पण म्हणजे १९६५ ची पुनरावृत्ती. अरबी समुद्रात ठेवणे हा प्रतिष्ठेचा मार्ग होता, पण तेथे पाकिस्तानी हवाई दल आवाक्यात होते आणि फ्रान्सकडून नुकत्याच मिळालेल्या डाफ्ने जातीच्या पाकिस्तानी पाणबुड्या टपलेल्या होत्या. तिसरा पर्याय बंगालच्या उपसागराचा. पूर्व पाकिस्तानात शत्रूची लढाऊ विमाने मोजकी, युद्धनौका किरकोळ आणि तेथवर पोहोचू शकेल इतक्या लांब पल्ल्याची पाणबुडी पाकिस्तानकडे एकच, ती म्हणजे अमेरिकेकडून आलेली ‘गाझी’. १९७१ च्या जुलैमध्ये ‘विक्रांत’ मुंबईहून पूर्वेकडे रवाना झाली. कमी वेगात विमाने उडवून पाहण्याच्या चाचण्या झाल्या. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली नौका लढण्याजोगी आहे, अशी खात्री पटली.

पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी पुढे जे केले ते धूर्तपणाचे उत्तम उदाहरण आहे. नोव्हेंबरमध्ये ‘विक्रांत’ गुपचूप अंदमानच्या उत्तरेकडील पोर्ट कॉर्नवॉलिसच्या आडोशाला नेण्यात आली. इकडे विशाखापट्टणमला मात्र ती तेथेच आहे असा देखावा उभा राहिला. ठेकेदारांकडे मोठ्या नौकेला लागेल एवढ्या मांसभाज्यांची मागणी नोंदवली गेली. ‘राजपूत’ ही महायुद्धकालीन विनाशिका विमानवाहू नौकेला शोभेल असे बिनतारी संदेश पाठवू लागली. एका खलाशाने आईच्या आजारपणाची चौकशी करणारी साधी, उघडी तार पाठवावी, इतका बारकावा त्यात होता. १४ नोव्हेंबरला कराची सोडलेली ‘गाझी’ या फसवणुकीत अडकली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी स्फोट होऊन ती नव्वदहून अधिक नौसैनिकांसह बुडाली. तो स्फोट ‘राजपूत’ने टाकलेल्या सुरुंगांमुळे झाला की पाणबुडीतल्याच पाणसुरुंगांमुळे, यावर दोन्ही देशांत आजतागायत एकमत नाही. येथे महत्त्वाचे एवढेच की, जिच्यासाठी ‘गाझी’ आली होती ती नौका शेकडो मैल दूर होती.

४ डिसेंबरच्या सकाळी ‘विक्रांत’वरून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढवला. त्याच दिवशी चितगावची पाळी आली. पुढच्या दहा-बारा दिवसांत खुलना, मोंगला आणि चालना या बंदरांवर मारा होत राहिला. दिवसा ‘सी हॉक’, रात्री ‘अलीझे’ असे काम वाटून घेतले होते. धक्क्यावरची जहाजे बुडाली, बंदरांचे व्यवहार थांबले आणि समुद्रमार्गे निसटण्याची पाकिस्तानी फौजेची वाट बंद झाली. या मोहिमेत शत्रूच्या माऱ्याने नौकेचे एकही विमान पडले नाही. कॅप्टन स्वराज प्रकाश आणि ‘सी हॉक’ तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. याच पूर्वेकडील ताफ्यात ‘कामोर्टा’चे नेतृत्व करणारे कॅप्टन मनोहर आवटी यांना वीरचक्र देण्यात आले, पुढे व्हाइस ॲडमिरल होऊन निवृत्त झालेले आवटी फलटणजवळच्या विंचुर्णीला स्थायिक झाले आणि ‘सागर परिक्रमे’चे जनक म्हणून महाराष्ट्राला अधिक परिचित झाले.

या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, तसे ते फुगवण्याचेही नाही. ढाक्याजवळच्या तेजगावची धावपट्टी भारतीय हवाई दलाने ६ डिसेंबरपर्यंत निकामी केल्यावर पूर्वेच्या आकाशात विरोधक असा उरलाच नव्हता. तेथील युद्ध लष्कराने आणि मुक्तिवाहिनीने जिंकले. ‘विक्रांत’ने त्या विजयाचा समुद्राकडचा दरवाजा लावून घेतला. हे काम तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला इतक्या थोड्या साधनांत जमले नसते, हे मात्र मान्य करावे लागेल. चितगाव आणि कॉक्स बाजारचा किनारा भारतीय विमानतळांपासून आडवळणाला होता. ‘विक्रांत’ने आपला विमानतळच त्याच्यासमोर नेऊन ठेवला.

आता पश्चिमेकडे पाहावे. त्या दिवसांत मुंबई अंधारात होती; खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना काळे पट्टे. कराचीवरचा प्रसिद्ध हल्ला ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी केला. चार दिवसांनी ‘विनाश’ने कराचीचे तेलसाठे पुन्हा पेटवले. एका विमानवाहू नौकेच्या किमतीत अशा कितीतरी नौका आल्या असत्या. आणि ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात ‘हंगोर’ या डाफ्ने जातीच्या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या नौकेबरोबर बुडाले. ‘खुकरी’ तर पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली आणि त्याच कामगिरीवर निघालेली नौका होती. सोळा नॉटने चालणारी ‘विक्रांत’ तेथे असती तर काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. तिला पूर्वेला पाठवणे हा १९७१ च्या नौदल नेतृत्वाचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो आपल्या नौकेची दुखरी बाजू प्रामाणिकपणे ओळखल्यामुळेच घेता आला.

मुंबईला या नौकेचा पुढचा प्रवास ठाऊक आहे. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ पासून काही वर्षे संग्रहालय म्हणून लोकांना पाहता आली. गंजलेला तळ धोकादायक झाल्याने २०१२ मध्ये ते बंद झाले. जतनासाठी पैसे कोणी द्यावयाचे, यावर केंद्र, राज्य आणि नौदल यांच्यात कागद फिरत राहिले आणि लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा सौदा झाला. मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागूनही उपयोग झाला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर गॅसचे कटर चालू लागले. तिच्या पोलादातून मोटरसायकली निघाल्या आणि त्या खपल्याही चांगल्या. ‘विराट’च्या बाबतीत तरी चूक सुधारेल असे वाटत होते. राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयास मंजुरीही दिली. अखेर २०२० मध्ये ‘विराट’ अलंगला गेली. बांधायला आणि टिकवायला पैसा लागतो हे वास्तव दोन्ही वेळा शेवटी आठवले. नव्या नौकेच्या बाबतीत ते आधीच आठवावे, एवढीच अपेक्षा आहे.

कारण विमानवाहू नौका म्हणजे केवळ सांगाडा नव्हे. कोची येथे बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. लांबी २६२ मीटर, वजन सुमारे ४५ हजार टन, म्हणजे जुन्या नौकेच्या दुपटीहून अधिक. गॅस टर्बाइनवर चालत असल्याने बॉयलरची कटकट तिला नाही. (‘विक्रमादित्य’ला ती आहे, २०१२ मध्ये सागरी चाचण्यांतच तिचे बहुतेक बॉयलर बंद पडले होते.) पण जुन्या नौकेकडे जे होते तेच नवीकडे दाखल होताना नव्हते, आणि ते म्हणजे स्वतःचा हवाई ताफा. ‘विक्रमादित्य’साठी घेतलेल्या मिग-२९के विमानांतच दोन नौकांची सोय लावावी लागली. २६ राफेल-मरीन विमानांचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार २८ एप्रिल २०२५ रोजी झाला आणि ती सर्व मिळावयास २०३० उजाडणार आहे. १९७१ मध्ये नौका अर्धी होती, वैमानिक आणि विमाने पूर्ण होती. तिसरी नौका मागताना हा क्रम उलटा होऊ नये, हे पाहणे अगत्याचे आहे.

पाणबुड्यांचा प्रश्न तर त्याहून जुना. पहिले सरसेनाध्यक्ष जनरल बिपिन रावत यांनी २०२० मध्ये विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना प्राधान्य द्यावे असे सुचवले, तेव्हा नौदलात नाराजी उमटली होती. परंतु ‘खुकरी’चे उदाहरण त्यांच्याच बाजूचे आहे, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये काळ्या समुद्रात ‘मॉस्क्वा’ या रशियन क्रूझरची युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी केलेली अवस्थाही. माझगाव गोदीत बांधलेल्या स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्यांपैकी शेवटची ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आली. ती मालिका ठरल्यापेक्षा कितीतरी वर्षे उशिराने पूर्ण झाली.

तरीही पाणबुडी विमानवाहू नौकेची जागा घेऊ शकत नाही. पाणबुडी लपून राहते, म्हणून तिचा धाक असतो. विमानवाहू नौका दिसते, म्हणून तिचा धाक असतो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागरात शिरली ती एकही गोळी न झाडता भारताला इशारा देण्यासाठीच. आता त्या जागी चीनला ठेवून पाहावे. सोव्हिएत काळातील अर्धवट सांगाडा विकत घेऊन चीनने २०१२ मध्ये ‘लिआओनिंग’ सज्ज केली, २०१९ मध्ये ‘शांडोंग’ स्वतः बांधली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट असलेली ‘फुजियान’ दाखल केली. उद्या यांपैकी एक मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून आली, तर हिंदी महासागर हाच भारतीय नौकेचा ‘पूर्व’ विभाग ठरतो. तेथे भारताला अंदमानचा आधार आहे, विरोधकाचा तळ दूर आहे. कराचीसमोर उभे राहण्यापेक्षा तिसऱ्या नौकेची गरज या समुद्रासाठी अधिक पटण्याजोगी आहे. तिचे समर्थक मात्र दर वेळी पाकिस्तानचाच दाखला देतात आणि आपली बाजू स्वतःच कमकुवत करतात.

राहता राहिला वेळेचा हिशेब. नव्या ‘विक्रांत’चा पाया २००९ मध्ये घातला गेला आणि दाखल होण्यास तेरा वर्षे लागली. दरम्यान कोची येथे ३१० मीटर लांबीची नवी सुकी गोदी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली आहे; पोलाद वितळवण्यापासून केबल टाकण्यापर्यंतची कौशल्ये देशात तयार झाली आहेत आणि काम नसेल तर ती विखुरतात, हा गोदीवाल्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पुढची नौका याच आराखड्यावर बांधली आणि दोन-तीन वर्षे वाचली, तरी ती २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी समुद्रात दिसणार नाही. ‘विक्रमादित्य’चा सांगाडा पाण्यात उतरला १९८२ मध्ये. नवी नौका येईल त्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा झालेला असेल.